दोन स्टिरिओ कॅमेरे आणि माझा एक डोळा

माझा थोरला भाऊ पंधराव्या वर्षी विट्याजवळचं आमचं गाव सोडून केरळात गेला आणि पन्नास वर्षं तिथल्या एका गल्लीत सोनं गाळत बसला. आमच्या भागात घरटी एखादा माणूस असा कुठल्या तरी मुलखात गलाईच्या दुकानात असतोच, त्यामुळे त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. मला मात्र होतं. तो सोनं वितळवायच्या मुशीपुढं बसला म्हणून मागं राहिलेल्या मला कॉलेजात जाता आलं, आणि पुढं रहिमतपुरात हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवता आलं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी दुकान मुलाच्या हाती देऊन तो कायमचा गावी आला. आल्यावर आठ दिवसांत त्याचा फोन.

"माहेराला कवा येतीयास? आन येताना तुजं ते भिंग घिऊन ये. तुला एक काम हाय."

काम म्हणजे दोन जुने कॅमेरे होते. एक अमेरिकेत बनलेला, तपकिरी, विटेसारखा जड. दुसरा जर्मन, जरा लहान, कडेला चकचकीत पट्टी असलेला. दोन्ही आम्हा भावंडांपेक्षा वयानं मोठे. दोन्हींना समोर दोन-दोन भिंगं होती, माणसाच्या दोन डोळ्यांइतक्या अंतरावर. असा कॅमेरा एकाच वेळी दोन फोटो काढतो, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या. मग ती दोन छोटी पारदर्शक चित्रं एका चौकटीत बसवायची आणि दुर्बिणीसारख्या काळ्या डब्यात घालून दोन्ही डोळ्यांनी बघायची. बघणाऱ्याला चित्र सपाट दिसत नाही, समोर खरं जग उभं राहतं.

दादाच्या दुकानाशेजारी एक म्हातारा फोटोग्राफर होता. त्याचे हे कॅमेरे. मूस निवेपर्यंत दादा त्याच्याकडे जाऊन बसायचा आणि त्या डब्याला डोळे लावायचा. परक्या लोकांची लग्नं, होड्या, देवळातले हत्ती. म्हाताऱ्यानं दुकान बंद केलं तेव्हा सगळं सामान दादाच्या हाती दिलं आणि म्हणाला, तुझ्याइतकं यात कुणी बघितलं नाही.

"दोन्ही ठिवून मी काय करू?" दादा मला म्हणाला. "एक तुला, एक मला. पर त्यातला चांगला कंचा, ते तू सांगायचं. तू फिजिक्सची बाई. चांगला त्यो तुला."

"बघते," मी म्हटलं. आणि तिथंच अडकले.

कारण मला डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही. लहानपणापासून नाही. डोळा दिसायला चांगला आहे, तिरळा नाही, बाहेरच्याला काही कळत नाही. उजवा झाकला की मात्र माझ्यासमोरचं पुस्तक धुक्यात जातं. डॉक्टर त्याला आळशी डोळा म्हणतात. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत कळलं तर चांगल्या डोळ्याला पट्टी बांधून आळशाला कामाला लावता येतं. माझं कळलं तेरा-चौदाव्या वर्षी, तेही चुलीच्या धुरानं उजवा डोळा चुरचुरला म्हणून मी तो मिटला तेव्हा. आईला सांगितलं. आईनं चुलीतली लाकडं मागं ओढली, माझा हात धरला आणि शपथ घातली. "कुणाला म्हंजी कुणाला बोलायचं न्हाई. स्थळं यायची न्हाईत."

लग्नानंतर मी नवऱ्याला सांगितलं. ते तेव्हा सैन्यातून सुट्टीवर आले होते. म्हणाले, "एका डोळ्यानं बघितलंस म्हणून मी पसंत पडलो. दोन्हींनी बघितलं असतंस तर माझं काही खरं नव्हतं." त्यानंतर हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. दादाला तर तो ठाऊकच नव्हता. आणि ज्या वस्तूला दोन चांगले डोळे लागतात, तिच्यातली चांगली कुठली हे तो मला विचारत होता.

तरी मी कामाला लागले. माझ्या मनात हिशेब असा होता की भिंगाची परीक्षा एका डोळ्यानंही होते. किंबहुना भिंग लावून बारीक बघायचं तर एकच डोळा लागतो, आणि माझा उजवा त्या कामात आयुष्यभर तयार झालेला.

दादाच्या नव्या घराची दक्षिणेकडची भिंत कोरी होती. तिच्यावर आम्ही वर्तमानपत्राची पानं शेजारीशेजारी चिकटवली, छोट्या जाहिरातींची आणि निधनवार्तांची, कारण त्यांचं अक्षर सगळ्यात बारीक. बारा फुटांवर स्टूल, स्टुलावर पाट, पाटावर कॅमेरा. आधी भिंगाचं तोंड पूर्ण उघडून एक फोटो, मग ते थोडं थोडं बारीक करत पुढचे. दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच जातीची फिल्म, एकच ऊन, एकच अंतर. मी वहीत टिपत होते आणि दादा मांडीवर हात ठेवून कट्ट्यावर बसला होता.

"म्हंजी तू भिंगाचा कस लावतीयास," तो म्हणाला.

"तसंच समज."

"मग घाई करू नगंस. कसाला घाई केली की पितळ बी पिवळंच दिसतंय."

भिंतीचं झाल्यावर उरलेल्या फिल्मवर त्यानं स्वतः फोटो काढले. त्या दिवसांत त्याच्या मोकळ्या रानात कवठे महांकाळकडच्या एका कुटुंबानं मेंढरं बसवली होती. लेंडीखतासाठी आमच्याकडे तशी बसवतात. त्या कळपाचे, मागच्या बाभळींचे, वहिनीचे आणि माझे, असे दोन्ही कॅमेऱ्यांतून एकाच जागेवरून फोटो त्यानं घेतले. फिल्म मुंबईला धुवायला पाठवली आणि मी रहिमतपूरला परत आले.

पाकीट आलं तेव्हा पुन्हा गेले. मोबाइलचा पडदा पांढरा करून त्यावर फिल्मची पट्टी ठेवली आणि उजव्या डोळ्याला भिंग लावून सकाळभर बसले. निकाल स्पष्ट होता. तोंड पूर्ण उघडलं की अमेरिकन कॅमेऱ्याचा मधला भाग चांगला, पण कोपऱ्यातलं अक्षर विरघळत होतं. एका कोपऱ्यात 'दुःखद निधन' होतं, त्यातलं 'दुःखद' वाचता येत होतं आणि 'निधन' पुसलं होतं. जर्मन कॅमेऱ्यात तेच अक्षर कानामात्रेसकट उभं. भिंगाचं तोंड बारीक केल्यावर दोन्ही जवळपास सारखे झाले, तरी कडांना जर्मन एक पाऊल पुढंच राहिला. मी दादाला वही दाखवली.

"जर्मन चांगला. शंकाच नाही."

दादा खूश झाला. दुपारी त्यानं कातरीनं चित्रं कापून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवली. सोन्याची कणी चिमट्यानं उचलणारे हात, त्यामुळे काम मला जमलं असतं त्यापेक्षा कितीतरी सफाईचं. मग त्यानं काळा डबा डोळ्यांना लावला. आधी अमेरिकन कॅमेऱ्याची मेंढरं बघितली. बराच वेळ हसत बघत होता. मग जर्मनची चौकट घातली. थोड्या वेळात डबा खाली ठेवला, डोळे चोळले, परत लावला, परत खाली ठेवला.

"काय झालं?"

"कपाळ दुखतंय." त्यानं डबा बाजूला सरकवला. "तू म्हणतीयास त्यो चांगला, आन मला त्यातच बगवंना. म्हंजी माजंच डोळं गेलं. भट्टीनं खाल्लं बग. पन्नास वरसं जाळापुढं बसल्यावर आनी काय हुणार?"

मी म्हटलं, असं काही नसेल. तो ऐकेना. म्हणाला, "मग तूच बग. तुला त्यात नीट दिसलं की माजं डोळं गेलं. तुला बी दुखलं, तर मशिनीत खोट हाय. बग की!"

डबा त्यानं माझ्या हातात दिला. मी तो डोळ्यांना लावला. मला त्यात कायम दिसतं तेच दिसलं, उजव्या बाजूचं एक सपाट, स्वच्छ चित्र. मेंढरं, बाभळी, आभाळ. कपाळ दुखायचा प्रश्नच नव्हता. "छान दिसतं" म्हणाले असते, तर पासष्टीचा माझा भाऊ आपले डोळे जळाले असं समजून बसला असता. "मलाही दुखतंय" म्हणाले असते, तर ते खोटं झालं असतं, आणि खोट्या निरीक्षणावर मी आयुष्यात पोरांना मार्क दिले नव्हते.

डबा खाली ठेवला आणि सांगितलं. चुलीचा धूर, आईची शपथ, सगळं.

तो ऐकून घेत होता. नंतर म्हणाला, "म्हणून तुला कैऱ्या धराय येत न्हवत्या."

मला ते आठवेना, त्याला आठवत होतं. तो झाडावर चढून कैऱ्या खाली टाकायचा आणि मी ओच्यात झेलायच्या. पाचातल्या चार मातीत.

"आन मी तुला ठोंबी म्हणायचो."

"सगळ्या आळीसमोर."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"आईनं शपथ घातली होती."

"आई जाऊन वीस वरसं झाली की गं."

"मग सवय झाली, दादा."

तो उठला आणि नळावर जाऊन तोंड धूत राहिला. आत जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं चहा केला, केरळातल्यासारखा बिनदुधाचा, आणि माझ्यासमोर ठेवला. याआधी दादानं मला चहा करून दिल्याचं मला आठवत नाही. तो चहा मी घोट घोट पुरवत बसले.

आता तिसरं कुणीतरी हवं होतं, दोन्ही डोळे धड असलेलं. वहिनी मोतीबिंदूच्या डॉक्टरची तारीख घेऊन बसली होती, ती बाद. एवढ्यात मेंढरंवाली बाई कळशी घेऊन नळावर आली. पंचेचाळिशीची असेल, उन्हानं रापलेली. दोन शेतं पलीकडचं कोकरू कुणाचं ते ही इथून सांगायची. दादानंच तिला हाक मारली.

तिनं हात पदराला पुसले आणि अमेरिकन कॅमेऱ्याची चौकट घातलेला डबा डोळ्यांना लावला. मग तिचा एक हात आपोआप पुढं गेला आणि हवेत थांबला.

"आवं अक्का, ही तर माजीच मेंढरं!"

ती एकेकीला ओळखून सांगायला लागली. ही बांड्या कानाची, ही गेल्या साली तीन पिल्लं व्यालेली, तिचं पिल्लू तिच्या मागं. मी भिंग लावून तोच फोटो बघितला होता आणि मला तिथं लोकरीचा एकच ढीग दिसला होता. त्या ढिगातलं प्रत्येक जनावर ती सुटं काढत होती. फक्त कोपऱ्यात ती अडली.

"हितं काळ्या तोंडाची आसायला पायजे. चिखलात गेल्यागत झालीया."

मी वहीत लिहून घेतलं. कोपऱ्यांबद्दल तिचं आणि माझं एकमत होतं. मग मी तिला विचारलं, साध्या फोटोत आणि यात तुम्हाला काय फरक वाटतो?

"तुमी बगितलं न्हाई व्हय?"

"मला दोन डोळ्यांनी एकदम दिसत नाही." एकाच दुपारी दुसऱ्यांदा सांगितलं, आणि या खेपेला ते सोपं गेलं.

तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. कीव नव्हती त्या बघण्यात. जनावर लंगडतंय तर कुठल्या पायानं, असं बघतात तसं ते होतं. मग पुन्हा डबा लावून ती सावकाश सांगू लागली.

"फोटूत मेंढरू मेंढराला चिकटल्यालं आसतंय. हितं मदी जागा हाय. ह्या मेंढीच्या आन त्या पिल्लाच्या मदनं मी हात घालून पल्याडची बाभळीची शेंग उचलीन, हाताला लोकर बी लागायची न्हाई. आन त्या बाभळीच्या मागं बगा, तितं वाऱ्याला फिराय जागा हाय."

दोन डोळ्यांतलं अंतर, दोन दिशांनी होणारे कोन, मेंदूनं केलेली बेरीज, हे सगळं मी एकोणतीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. पण लोकांना वस्तूंच्या मधली रिकामी जागा *दिसते*, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, लांबचं-जवळचं मी जसं अंदाजानं ओळखते तसंच सगळे ओळखतात, फक्त त्यांचा अंदाज जरा बरा असतो. त्या बाईनं एका वाक्यात माझ्या हातात जे दिलं, ते मला नंतर कितीतरी दिवस पुरलं. तिचे शब्द तिच्यासमोरच वहीत उतरवले, आणि त्या पानावर निष्कर्ष म्हणून दुसरं काही लिहिलं नाही.

मग जर्मनची चौकट. तिनं डबा लावला आणि मान जरा कलती केली, सरळ केली, पुन्हा कलती केली.

"ह्यात लोकरीचा केस न् केस दिसतुया. काळ्या तोंडाची बी घावली. पर अक्का, डोळं भांडत्यात. एक म्हणतंय हितं बग, दुसरं म्हणतंय त्याच्या वर बग."

दादा खुर्चीतून उठलाच. "ऐकलंस का? म्हंजी माजं डोळं बरं हायती!"

"अण्णा, तुमच्या डोळ्याला काय धाड भरलीया?" ती म्हणाली आणि कळशी भरायला वळली.

तिनं मला नेमकी जागा दाखवून दिली होती. आतापर्यंत मी प्रत्येक चित्र सुटं तपासलं होतं. डावं वेगळं, उजवं वेगळं, दोघांनाही पैकीच्या पैकी मार्क. ती दोन एकमेकांशी जुळतात का, हे बघायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका डोळ्याच्या माणसाला सुचावं तरी कसं? दोन्ही कॅमेऱ्यांच्या पट्टीचा एकेक न कापलेला तुकडा उरला होता. फिल्मच्या काठाला जी भोकं असतात, त्यांच्यापासून दोन्ही चित्रांतल्या, मेंढरांमागच्या एकाच बांधाची उंची मोजली. चौकटीत बसवताना दादाची चूक झाली असती, तर या तुकड्यात फरक आला नसता. पण फरक होता. जर्मन कॅमेऱ्याचं एक चित्र दुसऱ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर वर बसत होतं. कधीतरी तो पडला असणार आणि एक भिंग जागचं हललं असणार. अमेरिकनच्या दोन्ही चित्रांत मला मोजता येईल असा फरक सापडला नाही. त्याची भिंगं कोपऱ्यात कच्ची होती, पण दोघांचा कच्चेपणा सारखा होता, आणि बघणाऱ्याचे डोळे त्याला सहज माफ करत होते.

मी पहिला निकाल खोडला. शेजारी लिहिलं: सुटं भिंग जर्मन चांगलं, जोडी अमेरिकन चांगली.

"मग अमेरिकन तुझ्याकडे राहू दे," मी दादाला म्हटलं. "तुला बघायचं आहे."

"आन तुला चांगला देतो म्हणून शब्द दिला हुता त्याचं काय?"

"मी काय करू त्याचं, दादा?"

त्यानं जर्मन कॅमेरा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "तुज्यासाठी चांगला त्यो ह्योच की. उजवं भिंग येकदम ब्येस हाय म्हणतीयास न्हवं? डाव्यावर टोपण घाल आन काढ फोटू. तुजं-त्याचं चांगलं जमंल."

मला इतकं हसू आलं की वहिनी बाहेर येऊन काय झालं विचारू लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, दोन्हींत. एवढी वर्षं जे झाकून ठेवलं, त्याची आपल्या माणसानं सरळ थट्टा करावी, यासारखी मोकळीक नाही. त्या भरात मी त्याला तेही बोलून गेले जे कधी बोलले नव्हते, की तू गेलास म्हणून मी शिकले. तो म्हणाला, "चा निवला तुजा," आणि भिंतीवरची वर्तमानपत्रं काढायला गेला.

दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढच्या गावाला निघाली. बाईला मी डबा देऊ केला. ती म्हणाली, "घोड्यावर आदीच लय वजं हाय." त्याऐवजी तिनं बांड्या कानाच्या मेंढीबरोबर मोबाइलवर एक साधा फोटो काढून घेतला आणि आपल्या पोराच्या नंबरावर पाठवायला लावला.

मी परत निघाले तेव्हा दादा स्टँडवर सोडायला आला होता. एसटी लागायला वेळ होता. तो म्हणाला, "आईचं काय चुकलं म्हणावं? तिला कुणी सांगितलंच न्हाई, औषध हाय म्हणून. पर आता शाळंत पोरांचं डोळं कोण बगतं का?"

बघतात, मी म्हटलं, पण दोन्ही उघडे ठेवून बघितलं तर माझ्यासारखं पोर सुटून जातं.

"मग तू बग. तुला आता काय काम हाय?"

रहिमतपुरातल्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका माझी जुनी विद्यार्थिनी आहे. तिला विचारून मी पहिली-दुसरीच्या वर्गात गेले. अवघड काही नव्हतं. फळ्यावर मोठी अक्षरं लिहायची, पोराचा एक डोळा झाकायचा, वाचायला सांगायचं, मग दुसरा झाकायचा. दोन दिवस सगळी पोरं कंटाळून वाचत होती. तिसऱ्या दिवशी दुसरीतल्या एका मुलीचा उजवा डोळा झाकला आणि तिचं वाचन थांबलं. "बाई, हात काढा ना," ती म्हणाली, "तुम्ही सगळंच झाकलंय."

मी तिच्या आईला बोलावलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं, चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगितलं. वेळेत आलात, म्हणाले. आई परत आली ती माझ्याकडेच आली. तिला एकच कोडं होतं, "आमाला घरात कळलं न्हाई, मग तुमाला कसं कळलं?" मी तिला माझं सगळं सांगितलं, आवाज खाली न घेता, ओसरीवर बसून, येणाराजाणारा ऐकत असताना. मग फोन करून दादाला सांगितलं. तो पलीकडून बराच वेळ "ब्येस, ब्येस" एवढंच म्हणत राहिला.

पट्टी खाजते अशी मुलीची तक्रार असते, पण काढत नाही. परवा बाजारात भेटली. पट्टीवर तिनं स्केचपेननं एक मोठा डोळा काढला होता, पापण्यांसकट.